हप्ता हातचा सुटण्यापूर्वी



खेड्यातला सावकार कितीही निष्ठुर असला तरी कर्ज देण्यापूर्वी तो कुळाची जमीन स्वतःच्या डोळ्यांनी पाहून येत असे. बांध कोठवर आहे, विहिरीला उन्हाळ्यात पाणी राहते काय, जमिनीवर भाऊबंदांपैकी आणखी कोणाचा हक्क निघतो काय, याची खातरजमा झाल्यावाचून तो तिजोरीची किल्ली काढीत नसे. ही दक्षता त्याच्या ठायी धर्मबुद्धीने आली होती असे कोणीही म्हणणार नाही. ती व्यवहारातून आली होती. मात्र विकासाच्या नावाने ज्या वित्तसंस्था आज कोट्यवधी डॉलरची कर्जे वाटतात, आणि ज्यांच्या करारनाम्यांत पर्यावरण, पुनर्वसन व लोकसल्लामसलत यांविषयीच्या कलमांची रेलचेल असते, त्यांच्या हातून एवढी पाहणीही का होऊ नये, असा आमचा प्रश्न आहे. आमचे म्हणणे थोडक्यात असे की, अटीला जोर असतो तो पैसा देणाराच्या हातात असेपर्यंत, आणि या संस्थांना अटींची आठवण होते ती पैसा देऊन झाल्यावर.

सरदार सरोवराचे उदाहरण महाराष्ट्राने विसरावयाचे ठरविले तरी विसरता येणार नाही, कारण त्या जलाशयाच्या बुडीत क्षेत्रात अक्राणी आणि अक्कलकुवा या तालुक्यांतील आमची ३३ गावे आली. १९८५ साली जागतिक बँकेने या प्रकल्पास ४५ कोटी डॉलर मंजूर केले, तेव्हा केंद्राच्या पर्यावरण खात्याची मान्यता मिळालेलीच नव्हती. ती १९८७ साली मिळाली, आणि तीही राहिलेले अभ्यास पुढे पूर्ण करावेत, या अटीवर. नर्मदा जलविवाद लवादाने १९७९ च्या निवाड्यात जमीन गमावणाऱ्या खातेदारास किमान दोन हेक्टर जमीन द्यावी असे ठरविले होते. परंतु खातेदार म्हणजे कोण? सातपुड्याच्या उतरणीवर ज्याच्या आजोबाने झाडोरा काढून ज्वारी पेरली, ज्याला प्रत्येक मोहाचे झाड कोणत्या घराचे हे तोंडपाठ आहे, नदीच्या कोणत्या डोहात कोणत्या महिन्यात मासे मिळतात हे ज्याने बापाच्या बोटाला धरून शिकून घेतले, त्या भिल्ल वा पावरा शेतकऱ्याचे नाव सातबाऱ्यावर नव्हते, आणि म्हणून दफ्तराने त्याला नाव दिले ते ‘अतिक्रमणदार’! या एका शब्दासरशी त्याचे दोन हेक्टर संपले. पुढे पुनर्वसनासाठी तळोद्याची वनजमीन मोकळी करण्यात आली, तेव्हा असे आढळले की तीही कोणी ना कोणी कसतच होते. एका अतिक्रमणदाराला उठवून दुसऱ्या अतिक्रमणदाराच्या शेतावर नेऊन बसविण्याचा हा उद्योग बँकेच्या वॉशिंग्टनमधील टेबलावरून दिसला नसेल. सावकाराला तो मणिबेलीच्या पायवाटेवर दिसला असता.

अखेर बँकेने स्वतःच नेमलेल्या ब्रॅडफर्ड मोर्स आणि थॉमस बर्जर यांच्या स्वतंत्र समितीने जून १९९२ मध्ये अहवाल दिला, आणि बँकेने प्रकल्पापासून मागे सरावे असा स्पष्ट सल्ला त्यात होता. मार्च १९९३ मध्ये भारत सरकारने उरलेले १७ कोटी डॉलर नाकारले आणि करार संपला. परंतु २८ कोटी तोवर खर्ची पडले होते, भिंत उभी राहत होती, आणि ती पुढे बँकेवाचून उंचावत गेली. त्याच वर्षी सप्टेंबरात बँकेने लोकांच्या तक्रारी ऐकण्यासाठी तपासणी मंडळ स्थापन केले. बैल गेला आणि झोपा केला. तथापि झोपा झाला हेही थोडके नव्हे, कारण त्याचा उपयोग पुढे आमच्याच मुंबईस झाला.

मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पास बँकेने २००२ साली ५४ कोटी डॉलरहून अधिक कर्ज दिले. प्रारंभी सुमारे ८०,००० माणसे हलवावी लागतील असा हिशेब होता, तो पुढे १,२०,००० वर गेला. म्हणजे एका मध्यम शहराची वस्ती मोजणीतूनच निसटली होती. सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्त्याच्या आड येणाऱ्या कुर्ल्याच्या दुकानदारांनी २००४ मध्ये तपासणी मंडळाकडे धाव घेतली. त्यांचे म्हणणे साधे होते. रस्त्यावर दर्शनी जागा असल्यामुळे ज्याचे गिऱ्हाईक वर्षानुवर्षे बांधलेले आहे, ज्याचा माल ठेवायलाच हजार फूट लागतात, त्याला दूरच्या वसाहतीत २२५ चौरस फुटांचा गाळा देऊन पुनर्वसन झाल्याचा शेरा मारणे ही थट्टा आहे. मंडळाने डिसेंबर २००५ च्या अहवालात बँकेच्या गंभीर चुका दाखविल्या आणि १ मार्च २००६ रोजी बँकेने रस्त्यांच्या व पुनर्वसनाच्या कामांचे पैसे रोखून धरले. मग काय झाले? जे पत्रव्यवहाराने आणि शिष्टमंडळांनी वर्षानुवर्षे हलत नव्हते, ते चार महिन्यांच्या आत हलू लागले, आणि जूनमध्ये हप्ते पुन्हा सुरू झाले. सर्व गाऱ्हाणी मिटली असे आम्ही म्हणत नाही. पण विकासकर्जाच्या व्यवहारात कोणते शस्त्र धारदार आहे, याचा दाखला घराजवळच मिळाला.

हे शस्त्र म्यानातच राहिले तर काय होते, ते मुंद्र्याच्या किनाऱ्यावर पाहावे. योगायोग असा की रक्कमही तीच, ४५ कोटी डॉलर. जागतिक बँकेच्या परिवारातील आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळाने ती २००८ साली तेथील कोळशावरच्या महाकाय वीजप्रकल्पास दिली. त्या किनाऱ्यावर मच्छीमार कुटुंबे हंगामात मुक्कामाला येतात आणि पावसाळ्यात गावी परततात. बाराही महिने तेथे राहत नाहीत म्हणून बाधितांच्या हिशेबात त्यांना न्याय्य स्थान मिळाले नाही. २०११ मध्ये त्यांनी तक्रार केली, महामंडळाच्याच लोकपालाने २०१३ मध्ये त्यातील बराच भाग खरा ठरविला, आणि व्यवस्थापनाने लोकपालाचे बहुतेक निष्कर्ष मान्य केले नाहीत. मच्छीमार थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. २७ फेब्रुवारी २०१९ रोजी सात विरुद्ध एक अशा मतांनी त्या न्यायालयाने महामंडळास पूर्ण अभयाचे कवच नाही असा निवाडा दिला. परंतु दावा खालच्या न्यायालयात परतल्यावर, घडले ते मुख्यतः भारतात घडले, या कारणास्तव तो टिकला नाही. या प्रकल्पाची वीज घेणाऱ्यांत महाराष्ट्रही आहे, हे वाचताना आपल्या घरातील दिव्याकडे एकवार अवश्य पाहावे.

अटी कडक केल्या तर काम रेंगाळते आणि ऋणको काही न विचारणाऱ्या दुसऱ्या धनकोकडे जातो, असा आक्षेप घेण्यात येतो. त्यातील दुसरा भाग खरा आहे, आणि म्हणूनच हा नियम एका संस्थेपुरता असून भागणार नाही. पहिल्या भागाविषयी एवढेच, की कुर्ल्याहून जाणारा तो रस्ता २०१४ साली खुला झाला, आणि माणसे नीट न मोजल्याने गेलेला काळ त्यात किती, याचा हिशेब आक्षेपकांनी मांडून दाखवावा.

किनाऱ्यावरच्या एका जनसुनावणीस प्रस्तुत लेखक हजर होता. मासे विकणाऱ्या एका बाईने विचारले, “बंदराचा रस्ता किती दिवस बंद राहील, आणि तोवर टोपली घेऊन मी कुठून जायचे?” साहेबांनी मान हलविली, कारकुनाने लिहून घेतले. पुढे इतिवृत्त हाती आले, त्यात नोंद होती: ‘स्थानिकांनी रोजगाराची अपेक्षा व्यक्त केली.’

आता विकासाचा पैसा परदेशातूनच येतो असेही राहिलेले नाही. २०२१ च्या कायद्याने स्थापन झालेली राष्ट्रीय पायाभूत सुविधा वित्तपुरवठा व विकास बँक मुंबईतच बसते, आणि व्यापारी बँकांतून आपल्याच ठेवी प्रकल्पांना जातात. सबब आमची मागणी देशी व परदेशी अशा सर्व धनकोंकडे सारखीच आहे. बाधितांची मोजणी, तीत हंगामी वस्ती आणि सातबाऱ्यावर नाव नसलेला कसणारा धरून, पहिल्या हप्त्याआधी व्हावी. परिणामांचा अहवाल मराठीत ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावा. आणि तक्रारीची चौकशी चालू असेतो पुढचा हप्ता तहकूब राहील असे कलम करारातच असावे. आपणही पुढच्या जनसुनावणीस जाल तेव्हा सहीपूर्वी इतिवृत्त मोठ्याने वाचून घ्या, आपला शब्द त्यात आपलाच राहिला आहे की नाही ते पाहा, आणि खुर्चीवरच्या अधिकाऱ्यास विचारा की कर्जाचे किती हप्ते अजून द्यावयाचे राहिले आहेत.