मळ्यातल्या लेकरांना वाली कोण?

सायखेडा परिसरात द्राक्षांचा हंगाम आला की पेठ-सुरगाण्याची आदिवासी कुटुंबे मजुरीला उतरतात. सोबत लेकरेही येतात. शाळा गावीच राहते. कायदा म्हणतो, त्यांची वाली बालसंरक्षण यंत्रणा. २०१५ च्या बालन्याय कायद्यानुसार संकटातले मूल चोवीस तासांत बालकल्याण समितीपुढे न्यायचे असते. पण हे काम करणारे जिल्हा कक्षाचे कर्मचारी कंत्राटी! ज्यांची स्वतःचीच नोकरी उद्याची नाही, त्यांनी धनदांडग्यांच्या दारातून मूल सोडवून आणायचे कसे?

२०२२ साली याच जिल्ह्यातल्या इगतपुरी तालुक्यातील कातकरी मुले मेंढी आणि चार पैशांच्या बदल्यात मेंढपाळांकडे राबत असल्याचे उघडकीस आले, तेही एका मुलीचा जीव गेल्यावर. बाबासाहेबांच्या घटनेचे २३ वे कलम वेठबिगारीला बंदी घालते. मग ती वस्ती यंत्रणेला आधी का दिसली नाही?

आमची मागणी साधी आहे. बालसंरक्षण कर्मचाऱ्यांना कायम करा. ग्राम बालसंरक्षण समितीची बैठक हंगामात मजुरांच्या पालांवर घ्या. आणि कार्यकर्त्यांनो, समिती जागी होण्याची वाट पाहू नका. पालावर जा, मुले मोजा, १०९८ फिरवा!