झिरो पॉईंट नेमका कुठे?

बेळगावहून गोव्याला जायचे तर आमचे आजोबा खानापूर, लोंढा, अनमोड अशी गावे क्रमाने सांगत. त्याहीपूर्वी वेंगुर्ले बंदराकडे जाणारा माल रामघाटाने आणि पुढे आंबोलीने उतरत असे. खानापूर-अनमोड रस्त्याचे रुंदीकरण वर्षानुवर्षे रखडले, तशा गाड्या जांबोटी-चोर्ल्याकडे वळल्या. २०१० साली क्रमांक बदलले आणि जुना ४-अ आता ७४८ झाला. रस्ते हलतातच. पण हलताना ते कोणाच्या बांधावरून जातात, हे पाहायला नको का?

हलगा-मच्छे बायपासचे दुखणे तेच आहे. पुणे-बेंगळूर महामार्गावरील हलग्याहून शहराला वळसा घालून खानापूर रस्त्यावर मच्छेला निघायचे. शहरातली गर्दी कमी व्हावी, हे कोणाला नको आहे? तिसऱ्या रेल्वे गेटपाशी मीही आयुष्याचे बरेच तास घालवले आहेत. पण हा वळसा शहापूर, वडगाव, अनगोळच्या सुपीक शिवारातून जातो, जिथला बासमती आपण पाहुण्यांना कौतुकाने वाढतो. त्यात रस्त्याचा भराव पडला, तर पावसाळ्यात बळ्ळारी नाल्याचे पाणी जायचे कुठे?

शेतकऱ्यांनी न्यायालयात मुद्दा मांडला, की ४-अ चा झिरो पॉईंट फिश मार्केटपाशी आहे, मग रस्ता हलग्यापासून कसा? यावर काही सुशिक्षित मंडळी हसतात. मला हसू आले नाही. सुरुवातीची शिल्लकच चुकीची धरली, तर खतावणीची पुढची सगळी पाने चुकतात, हे बँकेतला शिपाईसुद्धा जाणतो.

जमिनीच्या भरपाईचे चेक मी काउंटरवर पाहिले आहेत. रक्कम मोठी दिसते. मुदत ठेव होते, मग मुलीचे लग्न, घराचा स्लॅब, मुलाची गाडी, आणि चार-पाच वर्षांत ठेव मोडायचा अर्ज समोर येतो. भात मात्र दरवर्षी पिकत होते, त्यावर कडधान्य निघत होते. ते कोणत्या पासबुकात लिहायचे?

माझ्या मामांना नोटीस आली ती कानडीत. शेजारच्या पोराने वाचून दाखवेपर्यंत हरकतीची मुदत टळून गेली होती. मराठीत कागद मागणे म्हणजे राजकारण, असे म्हणणाऱ्यांनी एकदा मामांच्या पडवीत बसून पाहावे.

संघटनेने आता घोषणांपेक्षा कागद जमवावेत. ज्यांची जमीन जात आहे त्यांनी उतारे, नोटिसा आणि मोजणीचे नकाशे घेऊन पुढच्या बैठकीला यावे. वाचून समजावून द्यायला आम्ही चार-पाच बँकवाले बसू.