गळके नळ आणि प्लॅस्टिकच्या पकडी

काशीच्या शिंदे घाटावर उतरणाऱ्या माणसाची दृष्टी प्रथम जाते ती रत्नेश्वर महादेवाच्या कललेल्या देवळाकडे. हे देऊळ सुमारे ९ अंशांनी झुकलेले असून पावसाळ्यात त्याचा बराचसा भाग गंगेच्या पाण्यात असतो. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांनी १८३० च्या सुमारास बांधविलेला मूळ घाटही भाराने खचला व पुढे तो पुन्हा बांधावा लागला. नदीकाठच्या गाळाच्या जमिनीला जेथे दगडी घाट पेलवला नाही, तेथे तिच्यात पुरलेले पाण्याचे नळ जागच्या जागी राहतील, अशी अपेक्षा करणे व्यर्थ होय. जमीन थोडीशी खचली की नळ वाकतो, सांधा उसवतो आणि गळती सुरू होते.

काशीत भेलूपूरचे जलकल १८९२ साली सुरू झाले. तेव्हापासून तेथील अरुंद गल्ल्यांत पिण्याच्या पाण्याला सांडपाण्याच्या शेजारानेच वाट काढावी लागली आहे. अशा ठिकाणी नळ गळू लागला म्हणजे तातडीचा उपाय म्हणून हल्ली प्लॅस्टिकची पकड, म्हणजेच क्लॅम्प, बसविण्यात येतो. ह्या साधनाची रचना सोपी आहे. दोन अर्धगोल तुकडे, त्यांच्या आत रबराचा पत्रा, आणि दोन्ही तुकडे आवळण्यासाठी बोल्ट. नळ कापावा लागत नाही, झाळकाम लागत नाही, खर्च अल्प येतो आणि प्लॅस्टिकला गंज चढत नाही. मध्यरात्री घरात पाणी शिरत असता हे साधन हाताशी असणे ही सोयच होय. मात्र तात्पुरत्या सोयीलाच दुरुस्ती समजण्याची चूक सर्वत्र होताना दिसते. ती का घातक आहे, हे पाहणे अगत्याचे आहे.

प्रथम बळाचा विचार करू. नळाचा व्यास १० सेंटिमीटर, पकडीची रुंदी १० सेंटिमीटर आणि पाण्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरला २ किलोग्रॅम असा धरला, तर रबराखाली सर्वत्र पाणी पसरल्यावर पकडीचे दोन तुकडे एकमेकांपासून दूर लोटणारे बळ सुमारे २०० किलोग्रॅम भरते. पहिल्या दिवशी ते बोल्ट सोसतात. परंतु सतत ताणाखाली राहिलेले प्लॅस्टिक अगदी हळूहळू आपला आकार बदलते आणि तितक्या प्रमाणात बोल्टांची पकड सैल होते. नेहमीच्या तपमानात पोलादाच्या बाबतीत हा दोष जवळजवळ जाणवत नाही.

दुसरा विचार उष्णतेचा. पीव्हीसीसारखे प्लॅस्टिक लोखंडाच्या पाच-सहापट प्रसरण पावते. वरील नळ भिंतीवर उघडा असेल व तपमान ३० अंश सेल्सियसने वाढले, तर त्याचा परीघ सुमारे ०.१ मिलिमीटरने वाढतो. त्याच परिघाचे प्लॅस्टिक अर्ध्या मिलिमीटरहून अधिक वाढते. रबराला हा फरक रोज भरून काढावा लागतो. शिवाय उन्हाने प्लॅस्टिक कालांतराने ठिसूळ होते. गरम पाण्याच्या नळावर तर ते मऊ पडते, म्हणून तेथे त्याचा वापर करूच नये.

तिसरा विचार खुद्द नळाचा. पकड सरळ व गुळगुळीत भागावरच नीट बसते. वाक, सांधा आणि गंजाने खडबडीत झालेला पृष्ठभाग येथे रबर सर्वत्र टेकत नाही. लांबट चीर असेल, तर ती पकडीच्या कडेबाहेर वाढू शकते. आतून गंजलेल्या नळाला एके ठिकाणी छिद्र पडले, तर त्याच्या आसपासची भिंतही पातळ झालेली असणार. आणि जमीन खचल्याने नळ फुटला असेल, तर पकडीने ती जमीन थांबत नाही.

सर्वांत गंभीर गोष्ट आरोग्याची. घाटाकडे उतरणाऱ्या वस्तीत दर १० मीटर उतारास पाण्याचा दाब सुमारे १ किलोग्रॅमने वाढतो. पुरवठा चालू असता खालच्या अंगाची सैल पकड बाहेर गळते. तो दोष दिसतो तरी. पुरवठा बंद झाल्यावर खालच्या तोट्यांतून नळ रिकामा होऊ लागतो, वरच्या भागात दाब हवेच्या दाबाहून कमी होतो आणि तेथील सैल पकडीतून बाहेरचे पाणी आत ओढले जाते. शेजारी गटार असेल तर ते पाणी कोणते, हे सांगावयास नको. बायजाबाईंच्या माहेरच्या कागलपासून फार दूर नसलेल्या इचलकरंजीत २०१२ साली काविळीची मोठी साथ आली. हिपॅटायटिस ई नावाची ही कावीळ मैल्याने दूषित झालेल्या पाण्यातून पसरते. दिवसातून काही तासच पाणी येणाऱ्या प्रत्येक गावाने हा धोका ओळखला पाहिजे.

म्हणून प्लॅस्टिकच्या पकडीचा निषेध करण्याचे कारण नाही. तिची मुदत मात्र ठरविली पाहिजे. पकड बसविणाऱ्याने त्याच दिवशी कायम दुरुस्तीची तारीख नोंदवावी. त्या दिवशी कुजलेला भाग कापून नवा तुकडा जोडावा, खचलेल्या जमिनीत नळाला आधार द्यावा आणि गटाराचे सान्निध्य शक्य तितके टाळावे. पुरलेल्या नळावर पकडच बसवावयाची असल्यास नळाला सर्व बाजूंनी वेढणारी, अगंज पोलादाची पकड अधिक विश्वसनीय ठरते. ठिबक थांबली म्हणजे काम संपले, ही समजूत टाकून दिली पाहिजे. गळणारा नळ निदान आपली तक्रार सांगत असतो; पकडीने त्याचे तोंड बंद केल्यावर ती तक्रार लक्षात ठेवण्याची जबाबदारी माणसावर येते.