पी ना बे, गुपचूप

दिवाळीच्या सुट्टीत गावी होतो. रिसोड तालुक्यातलं गाव. मित्राला सोयाबीन विकायचं होतं, म्हणून सकाळीच त्याच्यासोबत मार्केटात गेलो. व्यापाऱ्याच्या माणसानं पोत्यात कोपरापर्यंत हात घातला, तळातले दाणे काढले, एक दाताखाली फोडून पाहिला आणि बाकीचे मशीनमध्ये टाकले. आकडा आला १४. "मॉइश्चर हाय भाऊ." ओलावा १२ टक्क्यांच्या वर गेला की भाव पडतो. मग माती निघाली, मग काडीकचरा, मग डागी दाणा. प्रत्येक गोष्टीची कटती. २०२५-२६ च्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये. मित्राच्या हातात पडले चार हजारांच्या आसपास. पण गडी गप्प बसला नाही. वीस मिनिटं भांडला. पुन्हा मोजायला लावलं, दुसऱ्या पोत्यातले दाणे काढायला लावले. हरला, पण भांडून हरला.

संध्याकाळी तोच मला वाशिमला एका हॉटेलात घेऊन गेला. एसी, निळे दिवे, काउंटरवर चकचकीत नळ. "पुण्यात पेतं ना तू ड्राफ्ट? आज इथली पेऊन पाय." २२० रुपयांचा एक मग. दोन मग आले.

फेस बोटभरही नव्हता, आणि जो होता तो शेंगदाण्याची बशी टेबलावर येईपर्यंत विरून गेला. पहिल्या घोटाला लोण्यासारखा वास, मागून आंबटपणा. गार म्हणाल तर माठातल्या पाण्याइतकी. मी वेटरला हात केला. मित्रानं माझा हात धरून खाली ओढला.

"काहून बलावतं बे त्याले?"

"अरे, खराब आहे ही."

"मग? तिकडं पाय, आमच्या गावचे काका बसले हायेत. तमाशा नको करू. पी ना बे, गुपचूप."

मी प्यायलो. त्यानंही प्यायली. बिल भरलं, वर वीस रुपये टीप ठेवली. परत येताना गाडी त्याचा लहान भाऊ चालवत होता. तो पीत नाही. मी मागे बसून हिशेब करत होतो. चाळीस रुपये किलोच्या सोयाबीननं एक मग म्हणजे साडेपाच किलो. दोन मगांचे अकरा किलो. सकाळी एकेका टक्क्यासाठी भांडणाऱ्या माणसानं संध्याकाळी अकरा किलो सोयाबीन देऊन आंबट पाणी विकत घेतलं, आणि त्याच्या तोंडून शब्द फुटला नाही.

हा लेख त्या बिअरविरुद्ध नाही, त्या 'गुपचूप'विरुद्ध आहे.

याच मित्राला टपरीवर पाणचट चहा देऊन बघा. कप तिथंच परत ठेवेल आणि चहावाल्याला चार माणसांत सांगेल, "काय राजे, पाणी पाजून राह्यला का?" भाजीवालीनं मापात एक वांगं किडकं टाकलं तर तो ते बदलून घेतो. मग बिअरच्या मगपुढं त्याची जीभ कुठं जाते?

उत्तर आपल्या सगळ्यांना माहीत आहे. तक्रार करायची म्हणजे आधी कबूल करायचं की मी पितो. चार टेबलांना ऐकू जाईल असं कबूल करायचं. आमच्याकडे ते कुणाला परवडत नाही. घरी कळेल, सोयरिकीत अडथळा येईल, गावात नाव निघेल. गिऱ्हाईक मान खाली घालून येतं, कोपऱ्यातलं टेबल मागतं आणि अंधारात पिऊन निघून जातं. असं गिऱ्हाईक मिळालं तर कोणता दुकानदार माल चांगला ठेवायची तसदी घेईल?

ही लाज नुसती घरातून आलेली नाही, कायद्यातूनही आली आहे. महाराष्ट्रात दारूचा कारभार ज्या कायद्यावर चालतो त्याचं नाव दारूबंदी अधिनियम. १९४९ चा, मुंबई राज्याचा. पुढं नावातलं 'मुंबई' जाऊन 'महाराष्ट्र' आलं, 'दारूबंदी' तशीच राहिली. या कायद्यानं पिणाऱ्याला परवाना लागतो. 'परमिट रूम' या पाटीतलं परमिट ते हेच. एका दिवसाचा परवाना वर्षानुवर्षं पाच रुपयांना मिळत आला आहे. तुमच्या ओळखीत किती जणांनी तो काढलाय, विचारून बघा. म्हणजे कायदा म्हणतो बंदी, आणि तो राबवणाऱ्या खात्याचं नाव राज्य उत्पादन शुल्क. बंदी पाटीवर, शुल्क तिजोरीत. आणि मधल्या टेबलावर बसलेला माणूस एकवीस वर्षं पूर्ण करूनही, पैसे मोजूनही, कर भरूनही अर्धा गुन्हेगार. अर्धा गुन्हेगार तक्रार करत नसतो.

कर तर तो भरतोच. परमिट रूममध्ये बसून प्यायलेल्या दारूवरचा व्हॅट नोव्हेंबर २०२३ पासून ५ टक्क्यांवरून १० टक्के झाला. पुढं करांच्या आणि परवाना शुल्काच्या वाढीविरुद्ध १४ जुलै २०२५ ला बारमालकांनी राज्यभर बार बंद ठेवले. मालकांना संघटना आहे. सरकारला खातं आहे. दारू नको म्हणणाऱ्या बायांनाही, हक्कानं मिळवलेली, 'उभी बाटली, आडवी बाटली' अशी मतदानाची वाट आहे. या सगळ्यात एकच पक्ष मुका आहे. ज्याच्या खिशातून हे सगळं चालतं तो.

आता थोडं बिअरबद्दल, कारण "ड्राफ्ट असंच रायते" हे वाक्य वेटरनं तुमच्या तोंडावर फेकलं तर उत्तर देता आलं पाहिजे.

असं राहत नाही. नळाची बिअर बाटलीपेक्षा ताजी असावी, तिची मजाच ती. पण म्हणूनच ती नाजूक असते. केग थंड हवा, तीन-चार अंशांच्या आसपास. केगपासून नळापर्यंतच्या नळ्या दर दोन आठवड्यांनी धुवायला हव्यात. नाही धुतल्या तर आत जंतूंचा थर बसतो, आणि लोण्याचा वास नि आंबटपणा बऱ्याचदा तिथूनच येतो. ओल्या पुठ्ठ्यासारखी चव लागली तर बिअर जुनी झाली आहे. फेस क्षणात गेला तर ग्लासला तेलकटपणा किंवा साबण राहिला असेल, नाही तर गॅस गेला असेल. ग्लासच्या आतल्या बाजूला बुडबुडे चिकटून बसलेले दिसले तर ग्लास नीट धुतलेला नाही. हे ओळखायला परदेशी शिक्षण लागत नाही. दाताखाली दाणा फोडून ओलावा ओळखणाऱ्या माणसांचा हा जिल्हा आहे.

छोट्या गावातली अडचणही समजून घ्या. तीस लिटरच्या केगमधून अर्ध्या लिटरचे साठ मग निघतात. मोठ्या शहरात ते शनिवारच्या एका संध्याकाळी संपतात. आमच्याकडे दिवसाला सहा खपले तर केग दहा दिवस नळाला लटकून राहणार. त्यात मधेच लाइट जाणार. मालक लबाडच असतो असं नाही. त्याचं गणित बसत नसतं. पण न बसलेल्या गणिताचे पैसे गिऱ्हाइकानं का भरायचे? जमत नसेल तर नळ बंद करावा, गार बाटली द्यावी. वाशिममध्ये बाटलीची बिअर प्यायला कुणाची ना नाही.

इथं माझ्यावर पहिला दगड येणार, आणि तो मला मान्य आहे. "गावात देशीनं संसार उठले, आणि तुला फेसाची पडली?" मी त्याच गावात वाढलो. नवऱ्याच्या खिशातून मजुरीचे पैसे काढून लपवणारी बाई मी शेजारच्या घरात पाहिली आहे. वर्धा जिल्हा दारूबंदीचा, गडचिरोलीत १९९३ पासून बंदी, चंद्रपूरात २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. या सगळ्यामागं बायांनी काढलेले मोर्चे आणि सोसलेला मार आहे. त्यांच्याशी माझं भांडण नाही. उद्या माझ्या गावातल्या बायांनी बाटली आडवी केली तर मी त्यांच्या बाजूनं उभा राहीन.

पण जोवर बाटली उभी आहे, तोवर तिच्यात काय आहे हे विचारायचा हक्क कुणाचा? पिणाऱ्याला लाज वाटते म्हणून दारू कमी होत नाही. फक्त वाईट दारू खपते. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूनं शंभरावर माणसं मेली. ती गरीब होती आणि चोरून प्यायची दारू पीत होती. ग्लासात काय आहे असं विचारायची सोय तिथं कुणाला नव्हती. माझा आंबट मग आणि ती मिथेनॉलची पिशवी यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे, हे मला कळतं. तरी दोन्हींच्या तळाशी एकच समज आहे: पिणारा आहे ना, याला काहीही चालतं. संसार उद्ध्वस्त करणारा धंदा याच समजावर पोसला जातो. म्हणून गुपचूप पिणं ही सभ्यता नाही. ती त्या धंद्याला दिलेली सूट आहे.

दुसरा दगड: "हे पुण्या-मुंबईचे चोचले." नाही. पुण्यात मी पाहिलंय, मग परत गेला तर नवीन येतो आणि कुणी मान वळवून बघत नाही. तिथली माणसं जास्त चोखंदळ जन्मलेली नाहीत. त्यांना फक्त बोलायची सवय आहे. १९७१ साली इंग्लंडमधल्या चार मित्रांनी कंपन्यांच्या बेचव बिअरला कंटाळून 'कॅम्पेन फॉर रिअल एल' सुरू केली. पुढं ती देशव्यापी ग्राहक चळवळ झाली. त्या चौघांकडे सुरुवातीला तक्रारीपलीकडं काही नव्हतं. आणि ग्राहक चळवळीसाठी विलायतेलाच जायला हवं असंही नाही. बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायत उभी केली, ती तेल-साखरेच्या गिऱ्हाइकाला ताठ उभं करायला. तोच ताठपणा मगपर्यंत यायला पन्नास वर्षं पुरली नाहीत, इतकंच.

तर काय करायचं? फार काही नाही. पहिल्या दोन घोटांत सांगायचं. अर्धा मग संपवून मग नको. आवाज चढवायचा नाही. ज्या पोराला तुम्ही हाक मारताय त्यानं नळी धुतलेली नसते. त्याला म्हणायचं, "भाऊ, ही आंबली आहे, मॅनेजरला एकदा वास घ्यायला सांगा." बदलून द्या, नाही तर बिलातून काढा. हो-नाही झालं तर बिल जपून ठेवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. जिल्हा ग्राहक आयोग वाशिमलाही आहे, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला तिथं फी नाही. २२० रुपयांसाठी तिथवर जाल असं मला वाटत नाही. पण जाता येतं हे माहीत असलेला माणूस खुर्चीत वेगळा बसतो.

महिन्याभरानं एका लग्नासाठी पुन्हा गेलो तेव्हा त्याच हॉटेलात त्याच मित्राला घेऊन बसलो. बिअर तशीच आली. या वेळी मी हात खाली घेतला नाही. मॅनेजर आला, त्यानं मग नाकाजवळ नेला आणि तोंड वाकडं केलं. केग नऊ दिवसांपासून लागलेला होता, मधे दोन रात्री लाइट नव्हती. मग उचलून नेले, गार बाटल्या आणून दिल्या. जाताना म्हणाला, "सांगत जा ना साहेब. इथं कोणी सांगतच नाही, सगळे पेऊन जातात."

शेजारच्या टेबलावर एक काका बसले होते, मित्राच्या गावचे नव्हेत, पण तसेच. त्यांनी आमच्याकडं पाहिलं, आपल्या मगकडं पाहिलं, एक घोट घेतला. मग हळूच बोट वर केलं.

"भाऊ, माह्याही पाय बरं जरा."