फ्रेश म्हणजे ताजा?

दोस्तांनो, अलिबागच्या बाजारात ‘एकदम फ्रेश!’ ऐकलं की आपण समजतो, मासळी ताजी आहे. मग मुरूडच्या जंजिरा किल्ल्यातल्या तलावांना इंग्रजीत ‘फ्रेश वॉटर’चे तलाव का म्हणतात? ते पाणी काही आज सकाळी आणलेलं नाही! गंमत अशी, की जुन्या इंग्रजीत हा शब्द होता ‘फेर्श’, आणि पाण्याबद्दल त्याचा अर्थ होता खारट नसलेलं. ताजा, नवा हे अर्थ मागाहून चिकटले. (आपलं ‘गोडं’ पाणी तरी कुठे साखरेचं असतं?) तेव्हा ‘फ्रेश वॉटर फिश’ म्हणजे ‘ताज्या पाण्यातला मासा’ असं पेपरात लिहू नका हं! रोहू गोड्या पाण्यातला. सुरमई कितीही फडफडीत असली, तरी खाऱ्या पाण्यातलीच.