बोल्ट तुटला म्हणून ब्लॉक बदलायचा?

मृगाचा पाऊस पडून गेला की काळ्या रानात वाफसा यायला दोन-तीन दिवस लागतात. त्यानंतर पेरणीला मिळतात ते चार-पाच दिवस. कोरडवाहू शेतकऱ्याचे सारे वर्ष त्या चार-पाच दिवसांवर उभे असते. नेमका त्याच वेळी ट्रॅक्टर बंद पडला तर काय होते, ते या पानाच्या वाचकांना सांगायला नको.

गेल्या हंगामात आमच्या एका कार्यकर्त्याचे असेच झाले. इंजिनाचा पाण्याचा पंप गळत होता. पंप खोलताना बोल्ट तुटला आणि अर्धा तुकडा ब्लॉकमध्ये अडकला. शोरूमवाल्याने सांगितले, 'ट्रॅक्टर इथे आणा, आठ दिवस लागतील, कदाचित ब्लॉकच बदलावा लागेल.' आठ दिवसांत वाफसा गेला. शेवटी जिनिंगमध्ये फिटर म्हणून आयुष्य काढलेल्या एका म्हाताऱ्याने तो तुकडा जागेवरच काढला. वेळ लागला दीड तास. कपाशीचा पेरा मात्र पंधरा दिवस मागे पडला, तो काही परत आला नाही.

मी शेतकी कॉलेजात चार वर्षे काढली. खतांच्या मात्रा पाठ केल्या, किडींची लॅटिन नावे पाठ केली. तुटलेला बोल्ट कसा काढावा हे कोणी शिकवले नाही. ते मी त्या म्हाताऱ्याजवळ उकिडवे बसून शिकलो. जे पाहिले ते असे.

पहिली गोष्ट, घाई नाही. तुकड्यावर डिझेल किंवा गंज सोडवायचे तेल टाकायचे, हातोडीने हलके ठोकायचे आणि रात्रभर मुरू द्यायचे. तुकडा बाहेर डोकावत असेल तर त्यावर नट ठेवून नटाच्या भोकातून वेल्डिंग करायचे. त्याआधी बॅटरीच्या तारा सोडायच्या आणि टाकलेले डिझेल स्वच्छ पुसायचे, नाहीतर आग लागेल. वेल्डिंगची धग आतल्या गंजाची पकड सोडवते. हात लावण्याइतके निवले की पान्याने थोडे उलटे, थोडे सुलटे असे फिरवत आणायचे. एका दमात जोर लावला की पुन्हा तुटलेच.

तुकडा आतच तुटला असेल तर वरचा भाग कानशीने सपाट करायचा, बरोबर मधोमध सेंटर पंच मारायचा आणि आधी ३ मिलिमीटरच्या बिटाने सरळ भोक पाडायचे. मग हळूहळू मोठे बिट. ८ मिलिमीटरच्या साध्या बोल्टला शेवटचे बिट ६.८ चे, १० मिलिमीटरच्या बोल्टला ८.५ चे. त्यानंतर टॅप फिरवून आटे साफ करायचे. भोक एका बाजूला गेले तर ब्लॉकचे आटे कापले जातात. जास्त खोल गेले तर मागच्या पाण्याच्या वाटेत शिरते. म्हणून खोली आधी मोजायची आणि बिटावर चिकटपट्टीची खूण करायची. उघड्या वाटा फडक्याने बंद करायच्या, कीस आत जाता कामा नये.

बाजारात उलट्या आट्यांचे 'ईझी आऊट' मिळते. नाव ईझी, पण ते कडक पोलादाचे आणि ठिसूळ असते. जोर लावला की तेच आत तुटते आणि मग साधे बिट त्याला ओरखडासुद्धा काढत नाही. ब्लॉक बदलायची पाळी येते ती बहुतेक वेळा अशा उतावीळपणाने. बिडाच्या ब्लॉकवर एकाच जागी गॅसची ज्योत धरणेही तसेच. तडा गेला की संपले.

आणि बोल्ट तुटतो तरी का? रेडिएटरमध्ये कूलंट न घालता बोअरचे खारे पाणी वर्षानुवर्षे ओतले म्हणून. पान्याला पाइप लावून आवळले म्हणून. नवा बोल्ट घेताना डोक्यावर ८.८ चा शिक्का आहे की नाही ते पाहिले नाही म्हणून.

काही कार्यकर्ते म्हणतील, आपली लढाई भावाची, हे नटबोल्ट कशाला? शेतकरी अडाणी म्हणून गरीब, असे सांगणाऱ्यांच्या पंगतीला मला बसायचे नाही. कापसाला भाव मिळत नाही तो शेतकऱ्याच्या अज्ञानाने नव्हे, हे आपण गावोगाव सांगितले आणि ते खरेच आहे. पण उत्पादन खर्चाचा हिशेब मांडणाऱ्यांनी दुरुस्तीचे बिल आणि हुकलेला वाफसा त्यात धरायला नको का? यंत्र माझ्या नावावर, हप्ते मी भरायचे आणि ते खोलायची अक्कल मात्र दुसऱ्याच्या कुलपात! ही कसली मालकी?

अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यात शेतकऱ्यांच्या मागणीवरून २०२३ मध्ये कायदा झाला. १ जानेवारी २०२४ पासून तिथल्या कंपन्यांना शेतीयंत्रांचे सुटे भाग, हत्यारे आणि माहितीपुस्तके मालकाला व बाहेरच्या मेकॅनिकला द्यावी लागतात. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल उघडले, त्यात शेतीची यंत्रेही घेतली. पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे.

तेव्हा मागणी सरळ करू. प्रत्येक ट्रॅक्टरसोबत दुरुस्तीचे पुस्तक मराठीत द्या. त्यात प्रत्येक बोल्टचे माप आणि तो किती आवळायचा ते छापा. सुटा भाग सुटाच विका; दहा रुपयांच्या बोल्टसाठी अख्खा संच गळ्यात मारू नका.

आणि सरकारची वाट न पाहता करण्यासारखे एक काम आहे. पुढच्या जिल्हा बैठकीला भंगारातला एक ब्लॉक, एक ड्रिल आणि गावातला एक जुना फिटर घेऊन या. भाषणे दोन कमी झाली तरी चालतील. प्रत्येक गावातली दोन पोरे आणि दोन पोरी तुटलेला बोल्ट स्वतःच्या हाताने काढूनच घरी गेल्या पाहिजेत. पुढच्या मृगात कोणाचा तरी वाफसा वाचेल.