विश्लेषण : कमरेला एक पिस्तूल असताना दुसरे कशाला? अमेरिकेतील ‘बॅकअप गन’चा वाद काय आहे?

घराबाहेर पडताना मोबाइल, पाकीट आणि गाडीची किल्ली यांच्याबरोबर पिस्तूलही सोबत घेणारे नागरिक अमेरिकेत मोठ्या संख्येने आहेत. त्यातले काही जण त्यापुढे जाऊन आणखी एक छोटे पिस्तूल घोट्याजवळ किंवा खिशात ठेवतात. पहिल्याने ऐनवेळी दगा दिला तर दुसरे हाताशी असावे, हा त्यामागचा हिशेब. पण पोलिसांकडून आलेली ही सवय सामान्य नागरिकाच्या कामाची आहे का? आकडेवारी, कायदा आणि प्रत्यक्ष घटना काय सांगतात?

‘बॅकअप गन’ म्हणजे नेमके काय?

नेहमी वापरायच्या मुख्य पिस्तुलाशिवाय अंगावर बाळगलेले दुसरे, बहुधा आकाराने लहान असलेले शस्त्र म्हणजे ‘बॅकअप गन’. पाच गोळ्यांचे आखूड नळीचे रिव्हॉल्व्हर किंवा तळहातात मावेल एवढे पिस्तूल यासाठी वापरले जाते. ते घोट्याला बांधलेल्या होल्स्टरमध्ये, पँटच्या पुढच्या खिशात किंवा जॅकेटच्या आत असते. मुख्य पिस्तूल रिकामे झाल्यावर मॅगझिन बदलण्याऐवजी सरळ दुसरे पिस्तूल काढण्याच्या पद्धतीला अमेरिकेत ‘न्यू यॉर्क रीलोड’ असेही म्हणतात.

ही कल्पना कुठून आली?

ती मूळची पोलिसांची. पूर्वी अमेरिकी पोलिसांकडे सहा गोळ्यांची रिव्हॉल्व्हर असत आणि ती पुन्हा भरायला वेळ लागे. त्यामुळे अनेक पोलिस दुसरे छोटे रिव्हॉल्व्हर जवळ ठेवत.

या सवयीच्या समर्थनार्थ ११ एप्रिल १९८६ रोजी मियामीत झालेल्या चकमकीचा दाखला दिला जातो. एफबीआयच्या आठ अधिकाऱ्यांनी दोन सशस्त्र बँक दरोडेखोरांची गाडी अडवली. गाड्यांच्या धडकेत एका अधिकाऱ्याचे मुख्य रिव्हॉल्व्हर हातचे गेले आणि तो जवळच्या राखीव रिव्हॉल्व्हरने लढला. दुसऱ्या एका अधिकाऱ्याच्या हाताला गोळी लागली. त्याला रिव्हॉल्व्हर पुन्हा भरता येईना. काही मिनिटांच्या या गोळीबारात दोन अधिकारी मृत्युमुखी पडले, पाच जखमी झाले आणि दोन्ही दरोडेखोर मारले गेले. त्यानंतर एफबीआयने रिव्हॉल्व्हर मागे टाकून जास्त गोळ्यांच्या पिस्तुलांकडे मोर्चा वळवला. म्हणजे राखीव शस्त्राची गरज ज्या उणिवेतून निर्माण झाली होती, ती बऱ्याच अंशी नव्या पिस्तुलांनी भरून काढली.

समर्थकांचे म्हणणे काय?

त्यांचे मुख्य मुद्दे चार आहेत. पहिला, यंत्र कधीही बिघडू शकते. काडतूस अडकते, मॅगझिन निसटते, स्प्रिंग तुटते. दुसरा, झटापटीत पिस्तूल हिसकावले जाऊ शकते किंवा उजव्या हाताला इजा झाली तर डाव्या हाताला पोहोचेल असे शस्त्र हवे. तिसरा, गाडीत सीटबेल्ट लावून बसलेल्या माणसाला कमरेपेक्षा घोट्याजवळचे पिस्तूल काढणे सोपे जाते. चौथा, सोबतच्या व्यक्तीला गोळीबार येत असेल तर दुसरे पिस्तूल तिच्या हाती देता येते.

यातला एकही मुद्दा काल्पनिक नाही. प्रश्न एवढाच, की सामान्य नागरिकावर असा प्रसंग येण्याची शक्यता किती आणि त्यासाठी रोज पत्करावा लागणारा धोका किती.

दुसरे पिस्तूल काढण्याची वेळ किती वेळा येते?

नागरिक स्वसंरक्षणासाठी बंदूक किती वेळा वापरतात, यावर अमेरिकेत टोकाचे मतभेद आहेत. हार्वर्डचे डेव्हिड हेमनवे आणि सारा सोलनिक यांनी गुन्ह्यांच्या राष्ट्रीय सर्वेक्षणातील २००७ ते २०११ या काळाची माहिती तपासली. गुन्हेगार आणि पीडित समोरासमोर आले अशा घटनांपैकी एक टक्क्याहून कमी घटनांत पीडिताने बंदूक वापरली होती. याउलट, जॉर्जटाऊन विद्यापीठाचे विल्यम इंग्लिश यांच्या २०२१ च्या सर्वेक्षणात असा वापर वर्षाला सुमारे १६ लाख ७० हजार वेळा होतो, असा अंदाज निघाला. बंदूक समर्थक हाच आकडा पुढे करतात. त्यावर आक्षेपही आहेत.

पण बॅकअप गनच्या वादात याच सर्वेक्षणातला दुसरा आकडा महत्त्वाचा ठरतो. बंदूक वापरल्याच्या सुमारे ८२ टक्के घटनांत एकही गोळी झाडावी लागली नव्हती. पिस्तूल दाखवणे किंवा ते जवळ असल्याचे सांगणे पुरेसे ठरले. म्हणजे बंदूक समर्थकांच्या सर्वांत आवडत्या पाहणीनुसारही बहुसंख्य प्रसंगांत पहिल्या पिस्तुलाचा चाप ओढण्याची वेळ येत नाही. दुसऱ्याची गोष्ट तर पुढचीच.

सशस्त्र नागरिकाने हल्ला रोखल्याची अलीकडची सर्वांत गाजलेली घटना इंडियानातील ग्रीनवूड पार्क मॉलमधली. १७ जुलै २०२२ रोजी तिथे एका हल्लेखोराने तिघांचा जीव घेतला. २२ वर्षांच्या एका तरुणाने आपल्या पिस्तुलातून १० गोळ्या झाडल्या, त्यातल्या आठ हल्लेखोराला लागल्या आणि हल्ला १५ सेकंदांत थांबला. या तरुणाच्या हाती एकच पिस्तूल होते. फरक पडला तो त्याच्या नेमबाजीने आणि डोके शांत ठेवण्याने.

दोन इंजिनांचे विमान सुरक्षित, मग दोन पिस्तुले का नाहीत?

हा युक्तिवाद वरवर पटणारा आहे. पण जोडीच्या यंत्रणेचा फायदा एकाच अटीवर मिळतो. पहिली ज्या कारणाने बंद पडली, त्याच कारणाने दुसरी बंद पडता कामा नये. दोन्ही इंजिनांना एकाच टाकीतले भेसळीचे इंधन मिळाले तर दुसरे इंजिन असून नसल्यासारखे.

पिस्तुलाच्या बाबतीत यंत्रापेक्षा ते वापरणारा माणूसच आधी कमी पडतो. रँड या संशोधन संस्थेने न्यू यॉर्क पोलिसांसाठी केलेल्या अभ्यासात १९९८ ते २००६ या काळात दुतर्फा गोळीबाराच्या प्रसंगी पोलिसांच्या सरासरी १८ टक्केच गोळ्या लक्ष्यावर लागल्याचे आढळले. हे प्रशिक्षित पोलिस होते. भीतीने हात थरथरणे, समोरच्याखेरीज काहीच न दिसणे, निर्णय चुकणे या गोष्टी दुसरे पिस्तूल काढल्याने सुधारत नाहीत. उलट छोटे पिस्तूल झटका जास्त देते, त्याची नळी आखूड असते आणि नेम धरायला ते अवघड असते. म्हणजे सर्वांत कठीण क्षणी हातात येते ते सर्वांत कठीण शस्त्र, आणि बहुतेकांचा त्यावरचा सरावही सर्वांत कमी असतो.

पोलिसांना लागते ते नागरिकाला का नको?

कारण दोघांचे काम वेगळे आहे. पोलिसाला धोक्याच्या दिशेने जावे लागते, आरोपीला पकडावे लागते, त्यासाठी अंगाला अंग भिडवावे लागते. त्याचे पिस्तूल सर्वांना दिसते, म्हणून ते हिसकावले जाण्याचा धोकाही जास्त. मागे फिरण्याची मुभा त्याला सहसा नसते.

नागरिकावर आरोपीला पकडण्याची जबाबदारी नाही. स्वतः आणि कुटुंबीय सुखरूप बाहेर पडले की त्याचे काम संपते. पहिले पिस्तूल बंद पडले असेल आणि पळायला वाट असेल, तर दुसरे शोधत तिथेच थांबणे हा बहुतेक वेळा वाईट पर्याय. ज्याला ओळखीच्या व्यक्तीकडून जिवाची ठोस धमकी आहे, ज्याला रोज रोख रक्कम किंवा दागिने घेऊन एकट्याने फिरावे लागते, अशांचा हिशेब वेगळा असू शकतो. पण ते अपवाद.

दुसऱ्या शस्त्राने धोका कसा वाढतो?

पहिला धोका चोरीचा. अमेरिकेच्या एटीएफ या शस्त्र नियंत्रण विभागाच्या अहवालानुसार २०१७ ते २०२१ या पाच वर्षांत खासगी व्यक्तींकडून १० लाखांहून अधिक बंदुका चोरीला गेल्या. ‘राखीव’ पिस्तूल गाडीच्या कप्प्यात विसरले जाण्याची शक्यता कमरेच्या पिस्तुलापेक्षा जास्त असते.

दुसरा धोका घरातला. २०२१ मध्ये अमेरिकेत बंदुकीने ४८,८३० जणांचा मृत्यू झाला आणि त्यात ५४ टक्के आत्महत्या होत्या. हा धोका पहिली बंदूक घरात येते तेव्हाच येतो, हे खरे. पण प्रत्येक नवे शस्त्र म्हणजे रोज कुलपात ठेवायची, मुलांपासून दूर राखायची आणखी एक वस्तू.

तिसरा धोका गैरसमजाचा. २१ जून २०२१ रोजी कोलोरॅडोतील अर्वाडा शहरात एका नागरिकाने पोलिसाची हत्या करणाऱ्या हल्लेखोराला आपल्या पिस्तुलाने टिपले. त्यानंतर त्याने हल्लेखोराची रायफल उचलली. त्याच वेळी पोहोचलेल्या पोलिसाला तोच हल्लेखोर वाटला आणि त्या गोळीत त्याचा जीव गेला. गोंधळाच्या ठिकाणी पोहोचणाऱ्या पोलिसाला बंदूक दिसते, हेतू दिसत नाही. सोबतच्या व्यक्तीच्या हातीही पिस्तूल दिले, तर असे ‘संशयित’ दोन होतात.

अमेरिकी कायदा काय सांगतो?

२३ जून २०२२ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘ब्रुएन’ खटल्यात स्वसंरक्षणासाठी घराबाहेर पिस्तूल बाळगणे हा घटनात्मक हक्क असल्याचा निकाल दिला. २९ राज्यांत तर परवाना न घेताही पिस्तूल लपवून बाळगता येते. एका वेळी अंगावर किती शस्त्रे असावीत, यावर देशभर लागू असलेली मर्यादा नाही.

राज्यांचे नियम मात्र वेगवेगळे आहेत. न्यू मेक्सिकोच्या परवाना नियमांनुसार एका वेळी एकच पिस्तूल लपवून नेता येते. कॅलिफोर्नियाने २०२४ पासून लागू झालेल्या कायद्यात ही मर्यादा दोनवर ठेवली. न्यू यॉर्कने ब्रुएन निकालानंतर संख्येपेक्षा प्रशिक्षणावर भर दिला. तिथे परवान्यासाठी १६ तासांचे वर्गातील आणि दोन तासांचे प्रत्यक्ष गोळीबाराचे प्रशिक्षण घ्यावे लागते.

तिथे राहणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी आणखी एक बाब महत्त्वाची. एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असलेल्यांना बंदूक अथवा काडतुसे बाळगण्यास संघराज्य कायद्याने मनाई आहे. वैध शिकार परवान्यासारखे मोजके अपवाद आहेत. ग्रीन कार्डधारकांना ही मनाई लागू नाही. त्यामुळे ‘दुसरे पिस्तूल सोबतच्या नातेवाइकाला देऊ’ हा विचार त्या नातेवाइकालाच कायदेशीर अडचणीत आणू शकतो.

भारतात दुसरे शस्त्र ठेवता येते का?

येते, पण त्यामागचा विचार वेगळा आहे. भारतात बंदूक हा हक्क नसून परवान्याने मिळणारी परवानगी आहे. १९८३ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला जास्तीत जास्त तीन बंदुका ठेवण्याची मर्यादा घातली. २०१९ मध्ये केंद्र सरकारने ती एकवर आणण्याचे विधेयक मांडले. आक्षेपांनंतर ही संख्या दोन ठरली आणि डिसेंबर २०१९ मध्ये कायदा लागू झाला. जादा शस्त्र जमा करण्यासाठी एक वर्षाची मुदत होती. नेमबाजांसाठी वेगळ्या सवलती आहेत. वारशाने आलेली बंदूक मात्र याच मर्यादेत मोजली जाते. शेताच्या राखणीसाठी एक बारा बोअर आणि स्वसंरक्षणासाठी एक रिव्हॉल्व्हर अशी विभागणी या दोनमध्ये बसते. दोन्ही अंगावर घेऊन फिरणे, हा या तरतुदीमागचा हेतू नाही.

स्वसंरक्षणाच्या हक्काची चौकट भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. बचावासाठी आवश्यक तेवढेच बळ वापरावे, ही त्यातली मुख्य अट.

एका शस्त्राची जबाबदारीही किती मोठी असते, हे १ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे मुंबईने पाहिले. अभिनेते गोविंदा यांच्या पायाला त्यांच्याच परवानाधारक रिव्हॉल्व्हरची गोळी लागली. घरात हल्लेखोर नव्हता, झटापट नव्हती. रिव्हॉल्व्हर ठेवताना हातून निसटले, एवढेच.

मग उत्तर काय?

बहुतेक नागरिकांसाठी ‘नाही’. दुसऱ्या पिस्तुलाची गरज पडावी असे प्रसंग घडतात, पण फार क्वचित. ते सांभाळण्याची जोखीम मात्र रोजची आहे. पहिल्या पिस्तुलाची नियमित साफसफाई, अडकलेले काडतूस काही सेकंदांत काढण्याचा सराव, जास्तीचे मॅगझिन, रक्तस्राव थांबवण्याचा पट्टा आणि वेळीच काढता पाय घेण्याची तयारी यांतून जास्त जीव वाचतात. ज्याच्याकडे दुसऱ्या पिस्तुलासाठी पैसे आहेत पण पहिल्याच्या सरावासाठी वेळ नाही, त्याने दुसरे घेऊ नये, हा साधा निकष या वादात बराच उपयोगी पडतो.